तुलनेचा मेंदू, दादाची सही

काय घडले ते आधी, क्रमाने.

१. २४ फेब्रुवारीला दुपारी प्रयोगशाळेत काम करताना माझे डोके एकाएकी दुखू लागले आणि मी खाली बसले. पडले नाही.

२. रुग्णालयात काढलेल्या चित्रात मेंदूतल्या एका रक्तवाहिनीला फुगा आलेला दिसला. तो फुटलेला नाही.

३. कळवल्यावर सर्वांत आधी माझा मोठा भाऊ, दादा, पोहोचला. कागदावर नातेवाइकाची सही हवी होती. त्याने पेन हातात घेतले.

४. तेवढ्यात मामा आले. त्यांनी ते पेन काढून घेतले आणि स्वतः सही केली.

५. शस्त्रक्रिया ३१ मार्चला ठरली आहे. ती बहुधा नीट होते. नेहमीच होते असे नाही.

६. म्हणून हे मृत्युपत्र.

मी, वय एकतीस, अविवाहित, मृतांचे मेंदू संशोधनासाठी जपणाऱ्या मेंदूपेढीत तंत्रज्ञ, हे पूर्ण भानावर राहून लिहीत आहे. कोणाच्या सांगण्यावरून लिहीत नाही; बहुतेकांनी लिहू नकोस असेच सांगितले. डोक्यात फुगा असलेल्या बाईने आपले मन शाबूत असल्याचे स्वतःच लिहिले तर उद्या त्यावर बोट ठेवले जाईल, म्हणून मेंदूच्या डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यांनी मला शंभरातून सात-सात वजा करायला लावले. मी करत राहिले. शेवटी तेच पुरे म्हणाले. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

कलम १. घर

माझे राहते घर, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, तिसरा मजला, मला आईकडून मिळाले. आईने आपल्या मृत्युपत्रात दादाचे नाव घातले नव्हते. त्या काळात तो पावडर ओढत होता. मजकूर मामांनी सांगितला, आईने लिहून काढला. पुढे घर माझ्या नावावर चढवताना दादाने ना-हरकत लिहून दिली. त्याची ती सही मात्र सगळ्यांना चालली.

हे घर मी संपूर्णपणे दादाला देते. कोणतीही अट नाही.

वकीलबाईंनी कच्च्या मसुद्यात अट घातली होती.

"दोन वर्षं काही घेतलं नाही तर घर त्याचं, नाहीतर मामांकडे," त्या म्हणाल्या. "सगळे असंच करतात हो."

"घेतलं नाही हे ठरवणार कोण?"

"तपासणी असते ना? तुमच्याच तर क्षेत्रातलं आहे."

"आणि नमुना कोण आणणार? मामा बाटली घेऊन संडासाच्या दाराशी उभे राहणार?"

त्या हसल्या, पण वाक्य खोडले नाही. तेव्हा मी त्यांना कारण लिहून दिले. तेच इथे देते, म्हणजे पुढे कोणी अट घालायची विसरून राहिली असे समजणार नाही. लघवीची तपासणी एवढेच सांगते की ठरावीक पदार्थ गेल्या काही दिवसांत शरीरात आला होता का. माणूस कसा आहे, हे ती सांगत नाही आणि तसा तिचा दावाही नाही. व्यसन हा उलटू शकणारा आजार आहे. दमा आटोक्यात असतो आणि कधी अचानक उसळतो, तसा. दादाची तपासणी ज्या दिवशी बिघडेल, त्याच दिवशी त्याला डोक्यावर छप्पर सर्वांत जास्त लागेल, आणि ही अट नेमकी त्याच दिवशी छप्पर काढून घेईल. असे उपकरण मी बनवले असते तर मला कामावरून काढले असते.

मामांच्या माहितीसाठी: दादा लिफ्टची देखभाल करतो. मामांच्या इमारतीची लिफ्टही त्याच्याच कंपनीकडे आहे आणि तिची तपासणी तोच करतो. मामा सहाव्या मजल्यावर राहतात आणि जिन्याने जात नाहीत.

कलम २. औषध

दादा रोज सकाळी कामावर जाण्याआधी उपचार केंद्रात जाऊन औषध घेतो. या औषधाने तलफ आटोक्यात राहते आणि नशा होत नाही. मामांचे म्हणणे असे की, "एक सुटलं, दुसरं लागलं. नुसता पेला बदलला." मामा स्वतः कित्येक वर्षे रक्तदाबाची गोळी घेतात. त्यांना गोळी लागली, असे आम्ही कधी म्हटले नाही.

माझ्या पश्चात या घरात बसून कोणीही दादाला औषध बंद करण्याचा सल्ला देऊ नये. हे कायद्याने बांधता येत नाही, असे वकीलबाई म्हणतात. तरी लिहिले आहे.

कलम ३. ठेवी

भविष्य निर्वाह निधीसाठी नामांकन दादाचेच आहे. ते तसेच राहावे. बँकेतली मुदत ठेव वरील उपचार केंद्राला द्यावी. तिथली रांग रस्त्यावर लागते. ओळखीचे कोणी जाताना दिसले की रांगेतली माणसे भिंतीकडे तोंड करतात, दादाही करतो. या पैशातून मागच्या अंगणात छप्पर आणि बाके करावीत आणि रांग आत घ्यावी. माझ्या नावाची पाटी लावू नये.

कलम ४. हत्यारे व किरकोळ वस्तू

मेंदूचा काप केसाहून पातळ असतो. बोट लावले तर फाटतो. तो पाण्यावर तरंगत सोडून ब्रशने काचेवर घेतात. चित्रकलेच्या दुकानातून स्वतः निवडून आणलेले माझे ब्रश आमच्याकडच्या नव्या तंत्रज्ञ मुलीला द्यावेत. तिने ते साबणाने धुऊ नयेत. हे तिला तीनदा सांगून झाले आहे, हे चौथ्यांदा.

आईचे शिवणयंत्र मामांना. आईला ते त्यांनीच घेऊन दिले होते. आमच्या शिक्षणाचा खर्च मामांनी केला. हे त्यांनी अनेकदा सांगितले आहे आणि ते खरे आहे. बाबा जिन्यात पडलेले असायचे तेव्हा शेजाऱ्यांच्या देखत त्यांना उचलून वर आणणारेही मामाच होते. त्यांच्यावर माझा राग आहे, पण तो या गोष्टींमुळे कमी भरतो.

आमचे परिचर नाना यांना या मृत्युपत्रात काही नाही. ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असा नियम आहे. मी त्यांना निवड करू दिली होती: माझा थर्मास किंवा साक्षीदाराची सही.

"म्हणजे सही केली तर थर्मास नाही?" नानांनी विचारले.

"नाही."

"आणि थर्मास घेतला तर सही नाही."

"बरोबर."

"मग सही करतो. तुम्ही परत या ताई, थर्मास मी तसाही रोज वापरतोच."

कलम ५. कॅमेरा

माझा कॅमेरा दादाने विकला होता. तो माझ्या मालमत्तेत नाही, म्हणून त्याची वाटणी करता येत नाही. उल्लेख करण्याचे कारण एवढेच की प्रत्येक वाढदिवसाला दादा हा विषय काढतो आणि जेवण थंड होते. ही बाब मिटलेली आहे. दादाने ती पुन्हा उघडू नये.

कलम ६. माझा मेंदू

मी मरण पावल्यास माझा मेंदू मी जिथे काम करते त्या मेंदूपेढीला द्यावा. बाकी देहाचे घरच्यांनी योग्य वाटेल ते करावे.

हे कलम नातेवाइकांनी वाचायचे आहे, म्हणून सोप्या भाषेत लिहिते. व्यसनाने मेंदूत काय बदलते हे शोधण्यासाठी आम्ही व्यसन असलेल्या मृतांचे मेंदू तपासतो. पण काय बदलले हे कळायला व्यसन नसलेला मेंदूही शेजारी ठेवावा लागतो. तो तुलनेचा मेंदू. अडचण अशी की तो बहुधा दुसऱ्याच घरातला असतो: वेगळे आईबाप, वेगळे बालपण. मग दिसलेला फरक व्यसनाचा की घराचा, हे सांगता येत नाही. ज्या घरात व्यसन शिरले त्याच घरातला, त्याच बापाच्या हाताखाली वाढलेला आणि तरीही व्यसन न लागलेला मेंदू आम्हाला क्वचितच मिळतो. माझा तसा आहे.

दादाचा मेंदू मी मागत नाही. तो सध्या त्याच्या वापरात आहे.

नुसता मेंदू मात्र पुरत नाही. मृत्यूनंतर काही आठवड्यांनी पेढीची माणसे जवळच्या नातेवाइकाची मुलाखत घेतात. माणूस काय प्यायचा, काय घ्यायचा, लहानपणी घरात काय चालायचे, सगळे विचारतात. या मुलाखतींत लिहून घ्यायला मी बसत आले आहे. लोक खोटे बोलत नाहीत. ते मेलेल्या माणसाची बाजू घेतात. पहिले वाक्य बहुतेकदा "तसा स्वभावाने फार चांगला होता हो" हेच असते. एका आईने सगळी उत्तरे दिल्यावर मला थांबवले आणि विचारले, "तुम्ही आत बघितलंत ना? माझं काय चुकलं, ते दिसलं का तिथे?"

मी म्हटले, "नाही. तसं काही दिसत नाही." ते शास्त्रीयदृष्ट्या बरोबर उत्तर होते. त्या पर्स उचलून निघाल्या.

माझी मुलाखत मामांनी दिली तर ते म्हणतील की मुलगी गुणी होती, कशाला शिवली नाही, घर सुसंस्कृत होते आणि वडील काविळीने गेले. माझ्यावरच्या मायेनेच म्हणतील. पण मग माझ्या मेंदूवरची चिठ्ठी चुकीची लागेल. 'घरात व्यसन नाही' अशा खणात तो ठेवला जाईल, आणि पुढे जो कोणी तो कापून बघेल त्याचे गणित चुकेल. चुकीची चिठ्ठी लागलेल्या नमुन्यापेक्षा नमुना नसलेला बरा.

खरे असे आहे. बाबा दारूने गेले. कावीळ शेवटी झाली. मी दारू दोनदा चाखली, दोन्ही वेळा दादासमोर, आणि आवडली नाही. यात गुणीपणा काही नाही. दादाला लिफ्टच्या शाफ्टमधल्या अपघातानंतर दुखण्यावरच्या गोळ्या दिल्या. त्या त्याच्या शरीराने धरल्या आणि तिथून तो पावडरीवर गेला. पुढे अक्कलदाढ काढल्यावर मला त्याच जातीच्या गोळ्या मिळाल्या. दोन दिवसांनी मी त्या घ्यायला विसरले. असे का, हे मला माहीत नाही. आम्ही तेच शोधतो आहोत.

कलम ७. कोणी करायचे

या मृत्युपत्राचा व्यवस्थापक म्हणून मी दादाची नेमणूक करते. तो नाही म्हणाला तर वकीलबाई.

माझ्या मृत्यूनंतर पेढीला फोन दादाने करावा, आणि तोही त्याच दिवशी. उशीर झाला तर ऊतक कामाचे राहत नाही. संमतीची सही त्याची असावी. मुलाखत त्याने द्यावी. फोन लागू नये म्हणून मामा प्रयत्न करतील असे मला वाटते. त्या दिवशी रुग्णालयात नर्सने विचारले, "पेशंटचा सख्खा भाऊ कोण?" दादा म्हणाला, "मी." मामा म्हणाले, "म्हणजे, तसा आहे तो. पण त्याच्या सहीवर कोण विश्वास ठेवणार?" दादाने मान खाली घातली. "राहू दे सिस्टर, मामांचीच घ्या," असे म्हणून तो कॉरिडॉरमध्ये जाऊन उभा राहिला. मी तिथेच खाटेवर होते, शुद्धीवर. सही मीही करू शकले असते. कोणी विचारले नाही.

विश्वास कोण ठेवणार, या प्रश्नाचे उत्तर: मी. हे कलम तेवढ्यासाठी आहे.

मी हे कोणाच्या दडपणाखाली लिहिलेले नाही. वाचून, समजून, खाली सही केली आहे. साक्षीदारांनी माझ्यासमोर आणि एकमेकांसमोर सह्या केल्या.

सही: मृत्युपत्र करणारी

साक्षीदार १: मेंदूपेढीचे परिचर, "नाना"
साक्षीदार २: खालच्या मजल्यावरच्या शिक्षिका, निवृत्त (शुद्धलेखन त्यांनी तपासले, दोन चुका निघाल्या.)

स्थळ: राहते घर, स्वयंपाकघर
दिनांक: शनिवार, १५ मार्च २०२५

दादाला पाठवायच्या प्रतीसोबत

दादा,

मागच्या रविवारी कुकरच्या दांड्याचा स्क्रू आवळताना तू म्हणालास, "माझं बोलणं पुरावा म्हणून कोण धरणार गं? आणि तुझ्याबद्दल सांगायचं तरी काय? तू चहासुद्धा अर्धा कप घेतेस."

मी म्हटलं, "तेच सांगायचं."

"आणि बाबांचं?"

"बाबांचंही."

"मामांच्या कानावर जाईल."

"जाऊ दे. तेव्हा मी नसेन."

"हो ना. म्हणजे ऐकून घ्यायला मी एकटाच." मग "बघू" म्हणून तू निघून गेलास. स्क्रू घट्ट बसला आहे.

तुझं बरोबर आहे. मी नसताना, चारचौघांत, बाबांचं नाव घेऊन खरं बोलायचं ते तुलाच. मामा काय बोलतील ते तूही जाणतोस, मीही जाणते. हे काम सोपं आहे असं मी म्हणत नाही. तुझ्याशिवाय ते कोणाला करता येणार नाही, एवढंच म्हणते, कारण त्या घरात माझ्याबरोबर फक्त तूच होतास.

"बघू" हे उत्तर मला पेढीच्या कागदावर लिहिता येत नाही. सोबत दोन कागद आहेत: एक संमतीचा, एक व्यवस्थापक होण्याचा. दोन्ही वाच. नाही म्हणायचं असेल तर तसं लिही; कारण नको. मग वकीलबाई व्यवस्था बघतील, आणि मेंदूचं कलम मी काढून टाकीन. घराचं कलम तुझ्या उत्तरावर अवलंबून नाही. ते आहे तसंच राहील.

कृपया शुक्रवार, २१ मार्चला संध्याकाळपर्यंत हो की नाही ते लेखी कळव.