तुळशीचं पान पडलेली बाटली

बाबा, आज सिलतऱ्याला एका बाईने माझ्यापुढे पाण्याचा लोटा धरला आणि तुम्ही आठवलात. आपलं शहर नवं नवं राजधानी झालं होतं तेव्हाची गोष्ट, मी बारावी नापास होऊन आपल्या तात्यापारा मोहल्ल्यात हिंडत होतो. आईचं डोकं खाण्यापेक्षा चल म्हणून तुम्ही मला स्कूटरवर बसवून बीरगांवला नेलं. कारखान्यामागच्या गल्लीत एकच बोरिंग, पाणी पिवळट, सगळे तेच पीत. त्यात कारखान्याचं विष उतरलंय का ते तुमच्या खात्याला तपासायचं, उतरलं असलं तर बोरिंग बंद करून टँकर लावायचा. तुम्ही नमुन्याची रिकामी बाटली एका घराच्या ओट्यावर ठेवता, घरची दाई (तिकडे म्हाताऱ्या आईला दाईच म्हणतात) तुम्हाला चहाला आत नेते, आणि मी दोन बोकडांची टक्कर बघायला जातो. (काळा जिंकला.)

परत येतो तर बाटली भरलेली, पाणी आरशासारखं. तुम्ही ती उजेडात धरता. "काहून रे पोट्ट्या, बोरिंगमधून तुळस निघाली का?" आत खरंच तुळशीचं पान तरंगून राहिलं होतं. दाई पदर सावरत म्हणाली, "पहुना ला खराब पानी देबो का साहेब?" पाहुण्याची बाटली रिकामी दिसली, म्हणून तिने माहेरच्या विहिरीचं जपून ठेवलेलं पाणी त्यात ओतलं होतं. ते तपासलं असतं तर अख्खी गल्ली कागदावर ठणठणीत! तुम्ही हात जोडले, "दाई, मोला खराबेच पानी चाही." खराबच पाणी का हवं, ते माणूस नाही, मशीन पिणार, असं समजावलं, तर म्हणे मशीनही पाहुणंच की.

शेवटी दुसरी बाटली बोरिंगवर भरली. तेवढ्यात शेजारचा म्हातारा त्याच बोरिंगचा लोटा घेऊन आला, "हमर घर के नइ पियव साहेब?" आणि तुम्ही गटागट प्यालात! स्कूटरवर मी विचारलं, "बाबा, काहून पिलं?"

"ते रोज पिऊन राहिले, मी एका लोट्यानं मरतो का? तुझ्या आईले सांगू नको."

रिपोर्ट वाईट आला, बोरिंगला 'पिऊ नका'चा लाल रंग लागला, टँकर आला. दाईने तुम्हाला टँकरचंही पाजलं.

पुढे तुम्ही गेलात ते हृदयविकाराने, पण आईला कळलं असतं तर तिने दोष त्या लोट्यालाच दिला असता. मी कँटीन, मोबाइलचं दुकान, एक सर्कससुद्धा करून आता एका लॅबसाठी बाटल्याच भरून राहिलो. आज माझ्या पिशवीत फिल्टरचं पाणी होतं. ते काढणार, तोच बाई तिथल्याच बोरिंगचा लोटा धरून उभी. प्यालो. जिभेवर अजून लोखंड आहे.

आई विचारून राहिली, एवढं काय लिहितोस? म्हटलं, रिपोर्ट. घरात ठेवलं तर तिच्या हाती लागेल, म्हणून हे फाडतो. तुमच्या लोट्याचं तिला अजून सांगितलेलं नाही, आजपासून माझंही.