बदललेला नंबर

३ तारीख, सोमवार

आले एकदाची! आई गेल्यावर बाबांनी दादाला जवळ ठेवलं आणि मला मावशीकडे धाडलं, त्याला वीस वर्षं झाली. आता बाबांचे हात थरथरतात, पायही साथ देत नाहीत, म्हणून चष्म्याच्या दुकानात मदतीला मला बोलावलंय. खाली दुकान, वर तीन खोल्या. माझी जिन्याच्या तोंडाशी. दादाने माझी बॅग स्वतः वर आणली, खिडकी पुसून दिली. काचा घासायचं काम मी मावशीच्या गावी शिकले हे कळल्यावर म्हणाला, बघू आता कुणाचा हात जास्त साफ ते. दोघंही हसलो.

लहानपणी मला हाच दादा डोळ्यांत खुपायचा. बाबांच्या शेजारच्या स्टुलावर तो बसला असेल, असं मनात आलं की मी ताटावरून उठायचे. आज त्या स्टुलावर त्यानेच मला बसवलं.

९ तारीख, रविवार

एका शाळामास्तरांची काच फ्रेममधून सारखी निसटत होती. दादाने दोनदा बसवून दिली होती. मी कड नव्याने घासली, गच्च बसली. बाबा भिंगातून कितीतरी वेळ बघत राहिले आणि गिऱ्हाइकांसमोर म्हणाले, "असं काम या दुकानात झालं नव्हतं." खोटं कशाला बोलू, आतून गुदगुल्या झाल्या.

दादा डबीतले स्क्रू निवडत होता. तासाभराने पाहिलं, तेच तीन स्क्रू निवडत होता.

१४ तारीख, शुक्रवार

जेवताना दादा म्हणाला, बाबांनी सकाळपासून तुला अकरा वेळा हाक मारली, मला दोनदा. मला चेष्टा वाटली. मग बघितलं तर त्याचं ताट तसंच होतं.

१९ तारीख, बुधवार

काल दादाने माझा चष्मा मागून नेला, स्वच्छ करून दिला. मला बरं वाटलं; म्हटलं, निवळला वाटतं. आज डोकं ठणकतंय. पायरी जवळ आहे की लांब, अंदाजच येत नाही. थकवा असेल.

२१ तारीख, शुक्रवार

जिन्यावरून पडले. मनगट सुजलंय. दादा खालीच उभा होता. हात पुढे केला नाही. काच नीट बसते की नाही ते बघावं, तसा बघत होता.

२२ तारीख, शनिवार

चष्मा नंबर तपासायच्या यंत्रावर लावून पाहिला. नंबर माझा नाही. दोन्ही काचा बदलल्यात. कडा इतक्या सुरेख घासल्यात की दादाचं एवढं चांगलं काम मी पाहिलंच नव्हतं.

बाबांना सांगितलं. म्हणाले, भावाबहिणीत चालायचंच, डोक्यात राख घालून घेऊ नकोस.

पण ही जळफळ मला ओळखीची आहे. मावशीकडे असताना हा मरावा, असं मीही मनात म्हटलेलं आहे. मी नुसतं म्हटलं होतं.

२३ तारीख, रविवार

जुना चष्मा लावून समोरच्या इस्त्रीवाल्या बाईंकडे गेले. सगळं ऐकूनही त्यांना नवल वाटलं नाही. त्यांच्या दिराने त्यांचा हात मोडला होता. त्यांनी मला नीट समजावलं. कागदपत्रं आणि दोन कपडे त्यांच्याकडे ठेवायचे. बदललेला चष्मा जपून ठेवायचा, तो पुरावा. वाद वाढला तर हत्यारं असलेल्या खोलीत थांबायचं नाही. कुणी मागून धरलं तर कोपर मारायचं, सुटलं की रस्त्याकडे पळायचं, जिंकायला थांबायचं नाही. आणि जातेय हे त्याला कळू द्यायचं नाही.

म्हणाल्या, "तो तुझा भाऊ आहे, हे तू विसरू नकोस. पण तो विसरलाय, हेही विसरू नकोस."

२५ तारीख, मंगळवार

पिशवी बाईंकडे पोचली. उद्या दुपारी दादा फ्रेम आणायला जाईल, तेव्हा निघायचं. मावशीशी फोनवर बोलले, बाबांना पुढच्या आठवड्यात ती घेऊन जाईल.

दादाने सहज विचारलं, तुझ्या कपाटात कपडे कमी का दिसतात?

म्हणजे तो कपाट उघडतो.

२६ तारीख, बुधवार, दुपार

गेला नाही. दुकान बंद करून वर आला. मी खोलीत. कडी लावली, दाराला टेबल. बाईंना फोन केला. पोलिसांना कळवते, दार उघडू नकोस, म्हणाल्या.

हात थांबत नाही म्हणून लिहितेय.

दार वाजवत नाही. बोलतोय, हळू. वीस वर्षं मी त्यांचं केलं, म्हणतो. औषधं मी, अंघोळ मी. तू आलीस आणि—

बाबांच्या खोलीचं दार. बाबांची पावलं. त्यांना धरून आणतोय—

जिन्याच्या तोंडाशी थांबले. दादा म्हणतोय, बाबा, तिला सांगा उघडायला. तुमचं ऐकेल ती.



खाली शटर वाजवतंय कुणीतरी. बाईच असतील. अजून थोडं—

बाबा बोलले. आवाज थरथरत नाही. "उघडू नकोस, पोरी."

दादा हसला. म्हणाला, "शेवटी तिचीच बाजू."

काहीतरी गडगडत खाली— एकेक पायरी—

बाबा? बाबा, बोला ना—

कडी काढते—