फळीपलीकडचे बाबा

प्रिय ताई,

गेल्या महिन्यातल्या एका मंगळवारी सकाळी सात वाजता मी गप्प बसलो होतो. आदल्या दिवशी दाढ काढली होती, तोंडात कापसाचा बोळा होता, आणि दिवसभर बोलायचं नाही असं दातांच्या डॉक्टरनं बजावलं होतं. देवासमोर बसून मनातल्या मनात नाव घेत होतो. तेवढ्यात फळीच्या भिंतीपलीकडून धाकटा म्हणाला, “हो बाबा, घेतो.” मग समोरचा बोलत असताना माणूस थांबतो तेवढा थांबला आणि म्हणाला, “नाही, उठलाय तो. आज बोलत नाहीये.” आणि हसला. मी ओठांवरून हात फिरवून पाहिला. ओठ मिटलेलेच होते.

तुला नीट कळायचं तर सहा वर्षं मागं जायला हवं. बाबा गेल्यावर धाकट्यानं डोक्याच्या गोळ्या बंद केल्या होत्या, हे तुला फोनवर सांगितलंच होतं. समजावून झालं, ओरडून झालं, त्याच्या हातापाया पडून झालं. माझ्या आणि त्याच्या खाटेच्या मधे फळीची भिंत आहे, ती तू पाहिली आहेस. एके सकाळी सर्दीनं माझा घसा बसला होता. नेहमीसारखी फळीवर टकटक केली आणि म्हणालो, गोळी घे रे. पलीकडून आवाज आला, “हो बाबा.” मग पाण्याचा पेला खाली ठेवल्याचा आवाज. चार महिने जे जमलं नव्हतं ते एका हाकेत झालं. दोन दिवसांनी सर्दी गेली, पण तिसऱ्या दिवशी मी मुद्दाम आवाज खाली आणला. मग रोजचंच झालं. देवासमोरून उठायचं आणि गेलेल्या बापाचं सोंग काढायचं. ताई, मी देवाला भिऊन वागणारा माणूस, पण याची भीती मला त्या मंगळवारपर्यंत वाटली नव्हती. कारण गुण येत होता. धाकटा सकाळी आंघोळ करून पुनर्वसन केंद्रात जायला लागला, तिथं पाकिटं चिकटवायला शिकला. घरी सकाळचा चहा त्यानंच करायचा असं केंद्रातल्या बाईंनी ठरवून दिलं, तर तोही करू लागला. पंधरा दिवसांनी घरी येणाऱ्या नर्सबाई म्हणायच्या, प्रत्येकाला असा भाऊ मिळायला हवा. मी खाली बघायचो.

गेल्या दोनएक महिन्यांत मात्र घडी विस्कटली. त्यानं केंद्रात जाणं सोडलं, खिडकीला वर्तमानपत्रं चिकटवली, जेवताना ताट माझ्याकडून लांब सरकवून घ्यायला लागला. नर्सबाई दर वेळी गोळ्यांची पाकिटं तपासायच्या, तर ती वेळच्या वेळी रिकामी झालेली. मग हे असं का, असं त्या मलाच विचारायच्या. आणि इकडे माझंच काहीतरी बिनसलेलं. बाइंडिंगच्या कामावर उभ्या उभ्या पेंग यायची. एकदा दाभण अंगठ्यात गेलं ते रक्त पुठ्ठ्यावर दिसल्यावर कळलं. एका जाड रजिस्टरची मधली पानं उलटी शिवली, तेव्हा मालक सगळ्यांसमोर म्हणाले, “काय हो, रात्री घरफोड्या सुरू केल्यात की काय?” सगळे हसले, मीही हसलो. वय झालं असं वाटलं.

त्या मंगळवारनंतर मी फळीला कान लावायला लागलो. धाकटा बोलायचा, थांबायचा, पुन्हा बोलायचा. तो थांबला की पलीकडे इतकी शांतता असायची की तीसुद्धा कोणाची तरी आहे असं वाटायचं. शनिवारी मला ऐकू आलं, “अर्धी त्याला? रोजच्यासारखी? बरं.” थोड्या वेळानं तो चहा ठेवून गेला. मी पेला मोरीच्या खिडकीशी नेला आणि चहा हळूहळू ओतून दिला. तळाशी पांढरा गाळ होता. मग तो दारात येऊन अगदी मायेनं विचारू लागला, “सगळा घेतलास ना?” मी हो म्हणालो.

आता कळलं तुला? मधला भाऊ आजारी आहे, त्याला तुझ्यातली अर्धी देत जा, असं त्याला ऐकू येणाऱ्या बाबांनी सांगितलं होतं. तो अर्ध्या गोळीवर राहून ढासळत होता आणि उरलेली अर्धी माझ्या पोटात जात होती. पुढच्या मंगळवारी नर्सबाई आल्या आणि म्हणाल्या की पूर्ण गोळ्या घेऊनही हे असं चाललंय, तेव्हा डॉक्टर औषध दुपटीनं वाढवणार, नाहीतर पुन्हा हॉस्पिटलात ठेवणार. शुक्रवारी ठरवायचं होतं. खरं काय ते मला एकट्याला ठाऊक होतं. तरी दोन दिवस माझी जीभ रेटली नाही. चहातल्या गोळीचं सांगायचं तर बाबांचं सांगावं लागणार, आणि बाबांचं सांगितलं तर धाकटा पुन्हा कधी माझ्या शब्दावर विश्वास ठेवणार?

गुरुवारी मी नर्सबाईंना बोलावून घेतलं आणि त्यांच्यासमोर सगळं ओकलो. त्या रागावतील असं वाटलं होतं. त्या पेन बंद-उघड करत म्हणाल्या, “त्यांच्या कानात आधीच एवढी गर्दी आहे हो. तुम्ही कशाला शिरलात त्यात?” मग म्हणाल्या, डॉक्टरांना मी सांगते, पण भावाला तुम्ही सांगायचं, मी शेजारी बसते. मी पहिल्यांदाच सकाळी सातचं बोलणं फळीच्या त्या बाजूला जाऊन बोललो. त्याच्या खाटेवर, त्याच्यासमोर बसलो आणि तोच आवाज काढून म्हणालो, गोळी घे रे. धाकटा माझ्या गळ्याकडे बघत होता. म्हणाला, “टकटक करणारा तूच, ते मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. बाबा कधी ‘घे रे’ म्हणाले होते का मला? ते म्हणायचे, ‘गीळ.’” नर्सबाईंना हसू आलं, त्यालाही आलं. मी विचारलं, मग बोलला का नाहीस? तर म्हणाला, “तू तुझ्या आवाजात कधी इतकं गोड बोलला नाहीस.” आणि मग सहज, पाऊस येईल असं सांगावं तसं म्हणाला, “पण दुसरे बाबा खरे आहेत. ते तुझ्या मागून आले. वाट तू करून दिलीस.”

डॉक्टरांनी औषध वाढवलं नाही, हॉस्पिटलातही ठेवलं नाही. आता गोळ्यांऐवजी महिन्याला एक इंजेक्शन आहे, आणि ते घ्यायचं त्यानं स्वतः कबूल केलं. केंद्राचं एक घर आहे, चार जणं राहतात, एक बाई दिवसभर देखरेखीला असतात. तिकडे जायचं त्यानंच ठरवलं. मी रविवारी जातो. तो चहा करतो आणि माझ्या आधी स्वतः घोट घेऊन दाखवतो. दुसरे बाबा अजून येतात, पण लांबून बोलतात, असं म्हणतो. इथं पलीकडची खोली रिकामी आहे. तरी सकाळी सातला माझा घसा आपोआप खाकरला जातो, अगदी बाबांसारखा, आणि ते मी थांबवू शकत नाही. देवाला विचारतो, हे खाकरणं माझंच आहे ना. तो काही बोलत नाही, आणि हल्ली मला तेच बरं वाटतं.

ताई, हे सगळं एवढं पसरून लिहिलं ते एका गोष्टीसाठी. धाकट्याला पहिल्यांदा हॉस्पिटलात तू नेलंस, तू सही केलीस, आणि त्यानंतर बाबा तुझ्याशी शेवटपर्यंत बोलले नाहीत. तीन वर्षांपूर्वी धाकट्यानं तुला फोनवर निरोप दिला, “बाबा म्हणतात, ताईनं केलं ते बरोबर केलं, माझा तिच्यावर राग नाही.” तू फोनवर रडलीस. देव्हाऱ्याजवळ त्यांचा फोटो लावलास, तसं तू मला कळवलंस. ताई, तो निरोप फळीतून मी दिला होता. तू झुरत होतीस, ते मला बघवत नव्हतं. बाबांनी तसं कधीच म्हटलं नाही. शेवटच्या आठवड्यात मी त्यांना तुझ्याबद्दल विचारलं, तर त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. हे खरं आहे. आणि तू केलंस ते बरोबर केलंस, हेही खरं आहे, पण ते मी म्हणतो, माझ्या आवाजात. धाकट्याला सांगून झालं. आज तुला सांगितलं.

तुझाच,
मधला