दोन नोकऱ्यांची रंगीत तालीम

३ मार्च, मंगळवार

स्थळं आली! एक नाही, दोन — आणि तीही एकाच दिवशी. सकाळी थोरलीचं पत्र, दुपारी धाकटीचं. आमच्या कंपनीनं इथला तळ बंद करायचं ठरवलं, तेव्हापासून महिनाभर तोंड पाडून बसले होते — सदतिसाव्या वर्षी आता कोण विचारणार म्हणून. आता भाव खायची पाळी माझी.

थोरली म्हणजे मोठी कंपनी. तीनशे माणसांचं विमान, समुद्रापारची उड्डाणं, दोन वर्षांत कॅप्टन. पण एकदा निघालं की पाच-सहा दिवस बाहेर, मग दोन-तीन दिवस घरी. धाकटी म्हणजे आपल्याच विमानतळावरची लहान कंपनी. पंख्याची विमानं, अठ्ठेचाळीस खुर्च्या. पहाटे निघायचं, दोन गावांना जाऊन परत यायचं, दुपारी अडीचला घरात. पगार बराच कमी. रात्री मात्र आपली उशी आपल्या डोक्याखाली.

सत्तावीसपर्यंत उत्तर हवंय. तोवर मी रजेवर. वाऱ्यानं खेळ मांडला तर उतरायचं की पुन्हा वर जायचं, हे मी दोन सेकंदांत ठरवते. इथे तीन आठवडे दिलेत आणि मला आत्तापासून घाम!

४ मार्च

नवरा म्हणतो, थोरली. त्याचं ठाम मत. "अगं, एवढं मोठं विमान! लहानपणापासून तेच स्वप्न ना तुझं? घराचं मी बघतो, आठ वर्षं बघतोयच की."

बघतोय खरा. आमची ओळख झाली तेव्हा तो हँगरमध्ये इंजिनियर होता. मी शिकाऊ. तक्रार लिहिली होती, "वळताना डावीकडून विचित्र आवाज येतो." तीन तास हा बाबा विमानाच्या पोटात. मग नोंदवहीत उत्तर लिहिलं — "आवाजाचं कारण: वैमानिकेची पाण्याची बाटली, खुर्चीखाली. उपाय: पाणी पिऊन टाकलं." असल्या माणसाशी लग्न करायचं नाही तर कोणाशी!

पुढे मुलगी झाली. दोघांच्याही पाळ्या वेड्यावाकड्या, कोणीतरी एकानं घरी असायला हवं होतं. माझं उड्डाण नुकतंच सुरू झालेलं, म्हणून त्यानं हँगर सोडलं. भांडण नाही, चर्चासुद्धा फार नाही. एका संध्याकाळी हत्यारांची पेटी घेऊन घरी आला आणि पलंगाखाली सरकवली.

६ मार्च

अजून तळ्यात-मळ्यात.

७ मार्च, शनिवार

कन्येनं तोडगा काढला! आमची खारू (नाव दुसरंच आहे, पण दिवसभर इकडून तिकडे तुरुतुरु पळते म्हणून खारूताई) जेवताना म्हणाली, "आमच्या नाटकाची आम्ही आधी तालीम करतो. कपडेबिपडे घालून. तुम्ही का नाही करत?"

 सासूबाई म्हणाल्या, "पोर बोलतेय ते काही खोटं नाही."

तर ठरलं. पहिला आठवडा थोरलीचा, दुसरा धाकटीचा. रंगीत तालीम! वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाई मुलाकडे गेल्यात, किल्ली आमच्याकडे आहे. त्यांना फोन केला तर हसून हसून त्यांना ठसका लागला. थोरलीच्या आठवड्यात मी पाच दिवस वर राहायचं. वरचा मजला म्हणजे परदेश. खाली यायचं नाही. रोज संध्याकाळी साडेसहाला एक फोन, पाच मिनिटं. नियम खारूचे. दयामाया नाही.

९ मार्च, सोमवार

सकाळी सहाला पूर्ण गणवेशात, चाकांची बॅग घेऊन, बावीस पायऱ्या चढून परदेशी रवाना झाले. दाराशी सगळे हात हलवत होते. सासूबाईंनी बिस्किटांचा डबा दिला, वर "पोचलीस की कळव." त्या हे चेष्टेत म्हणाल्या की सवयीनं, कळलं नाही.

१० मार्च

अकरा तास झोपले!! कोणी पाय मारला नाही, कोणी पांघरूण ओढलं नाही. उठून चहा, खिडकी, पुस्तक. दुपारी पुन्हा झोप. हे थोरलीचं प्रकरण वाईट नाही हं. लाज वाटतेय लिहायला, पण खोटं कशाला लिहू? मजा आली. पानापुढे तरी सोंग नको.

११ मार्च, बुधवार

आज साडेसहाचा फोन. पडद्यावर तिघं ओळीनं, केस विंचरलेले, हसरे. "कसं आहे?" "मस्त!" "शाळा?" "मस्त!" "शुक्रवारी पोहण्याची परीक्षा ना?" "हो, मस्त!" खारूनं चित्र दाखवलं, पाच मिनिटं झाली, टाटा.

फोन ठेवला. खिडकी उघडी होती. खालून आवाज — "मी नाही जाणार पोहायला! मला खोल पाण्याची भीती वाटते! आई असती तर गेले असते!" आणि मग भोकाड. आत्ता पडद्यावर हसणारी हीच मुलगी!

मी दारापर्यंत गेले. कडीला हात लावला. पण मी समुद्रापार होते ना. थोरलीत असते तर खरीच असते — आणि तिथून हे ऐकूही आलं नसतं. खिडकीशी उभी राहून शेवटपर्यंत ऐकलं. तो तिला काहीतरी समजावत होता, हळू आवाजात, बराच वेळ. मग ती हसली. मग मी रडले. आठ वर्षांत किती फोनांनंतर हे असं झालं असेल!

१४ मार्च, शनिवार

काल संध्याकाळी परतले. जंगी स्वागत. घर चकाचक, टेबलावर फुलं, खारू शहाण्या बाळासारखी.

पोहण्याचं विचारलं, तर "झाली पास." बस्स. रात्री सासूबाईंना खोदून विचारलं तेव्हा कळलं — ती पायरीवर रडत बसली होती, म्हणून नवरा शर्ट-पॅंटसह पाण्यात उतरला! खोल बाजूला जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "ये, माझं पाकीट भिजलंय, आता माघार नाही." सगळा तलाव हसला. खारू हसत हसत पोहत गेली.

"मग हे मला कोणी सांगितलं का नाही?"

"अगं, दोन दिवसांसाठी येतेस. पाहुण्यापुढे कोणी रडगाणं —" असं म्हणून सासूबाईंनी जीभ चावली. मग माझ्या पाठीवरून हात फिरवला. त्यांचं चुकलं नव्हतं. म्हणून तर लागलं.

१६ मार्च, सोमवार

धाकटीचा आठवडा. पावणेचारला गजर! सव्वाचारला गणवेशात बाहेर. विमानतळ अठरा मिनिटांवर. पण तिथे जाऊन करू काय? खारूचा हुकूम होता, चार फेऱ्या म्हणजे चार फेऱ्या. म्हणून बाहेरच्या वळणरस्त्यानं गाडीच्या चार फेऱ्या मारल्या, मध्ये अर्धा-अर्धा तास थांबून. तिसऱ्या वेळी पेट्रोल पंपावरचा माणूस म्हणाला, "मॅडम, रस्ता चुकलात का?" म्हटलं, "नाही हो, तोच तर शोधतेय." तो बिचारा नकाशा काढायला लागला.

अडीचला घरी. खारू शाळेतून आली तेव्हा दार मी उघडलं. तिनं माझ्या मागे डोकावून पाहिलं. "बाबा कुठेय?"

घ्या!

१७ मार्च

नवऱ्याशी भांडण. मी भांड्यांचं कपाट नीट लावलं — वजनाप्रमाणे, जड खाली. त्याला चहाचं पातेलं सापडेना. "बाईसाहेब, हे स्वयंपाकघर आहे, कॉकपिट नव्हे!" मी म्हटलं, "म्हणूनच इतका पसारा!" सासूबाई टीव्हीचा आवाज वाढवून बसल्या. त्यांना भलतीच करमणूक झालेली दिसली.

१८ मार्च

आठ वाजता सूप पिता पिता झोपले. शब्दशः. नाकाला टोमॅटो.

१९ मार्च, गुरुवार

आज भयंकर ओरडले खारूला. कार्टीनं माझ्या गणवेशाच्या खांद्यावरच्या सोनेरी पट्ट्या कात्रीनं कापून बाहुलीला शिवल्या. तीन या खांद्याच्या, तीन त्या — बाहुलीच्या एकाच खांद्यावर सहा! कॅप्टनलासुद्धा चारच असतात. एवढ्या पट्ट्या जगात कोणाला नसतील. त्याचं मला हसूच आलं असतं. पण विचारलं तर तोंड वर करून म्हणते, "उंदरानं नेल्या." मग माझा पारा चढला. खोटं बोलतेस? वर उंदराचं नाव? जा खोलीत! तिनं दार आपटलं. मीही आपटलं. चार वाजता उठलेल्या बाईच्या जिभेला लगाम नसतो.

आता ती झोपलीय आणि मला वाईट वाटतंय. आठ वर्षांत एवढं कधी ओरडले नव्हते. दोन दिवसांसाठी यायचं आणि त्यातला एक दिवस ओरडण्यात घालवायचा, असं कोण करेल? आठवडाभर घरी राहिले आणि काय मिळवलं? नवऱ्याचं कपाट बिघडवलं, पोरीला रडवलं. थोरलीच बरी बहुतेक. लांबून सगळ्यांनाच मी गोड लागते.

२० मार्च, शुक्रवार

शाळेच्या फाटकाशी वर्गशिक्षिका भेटल्या. "काल तुम्ही खारूला ओरडलात म्हणे?" मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. सांगायला लागले — पट्ट्या, कात्री, उंदीर —

त्या हसायलाच लागल्या. "अहो, सकाळपासून सगळ्या वर्गाला सांगत सुटलीय. मधल्या सुट्टीत दुसऱ्या वर्गातसुद्धा जाऊन आली. 'माझी आई मला ओरडली! खरीखुरी! तुमच्या आया ओरडतात ना, तश्शी!'"

मी तिथेच फाटकाला टेकले.

खारू आली. माझा हात धरून चालायला लागली. म्हणाली, "आई, उद्या काही केलं तर उद्यापण ओरडशील?"

"ओरडेन की."

"आणि परवा?"

"परवापण."

मग ती उड्या मारतच घरी आली. मला इतका आनंद कधी झाला होता? पहिल्यांदा एकटीनं विमान उतरवलं तेव्हा झाला होता. नाही, तेव्हाही एवढा नाही.

२२ मार्च, रविवार

नवरा अजून थोरलीचीच बाजू लावून धरतोय. रात्री अंथरुणात पडल्या पडल्या पुन्हा सुरू — "मोठं विमान, मोठे देश, उद्या मागे वळून पाहशील तेव्हा हळहळशील. मी आहे ना घरी?" म्हटलं, मला घालवायची इतकी घाई का रे झालीय? तर हसला, "कपाट वाचवायचंय." हसताना छताकडे बघत होता. बिचारा, माझ्यासाठी स्वतःला कामाला जुंपून घ्यायला केव्हाही तयार.

२४ मार्च, मंगळवार

कळवलं. धाकटीला होकार, थोरलीला नकार.

पाठवायचं बटण दाबलं आणि न्हाणीघरात जाऊन दहा मिनिटं रडले. ते मोठं विमान आता कधीच नाही. चौदा वर्षांची असल्यापासून त्याचं चित्र माझ्या भिंतीवर होतं. दुःख झालं, लिहून ठेवते. मग तोंड धुतलं, दोन टोस्ट खाल्ले, आणि एकदम इतकं हलकं वाटलं की सासूबाईंना उचलून गोल फिरवलं. "अगं मेले, कंबर माझी!" पण ओरडताना हसत होत्या.

खारूनं घरभर चकरा मारल्या. नवऱ्यानं मात्र "तुझं नक्की ना?" एवढं दोनदा विचारलं आणि खाली गाडी धुवायला गेला. गाडी कालच धुतली होती.

३० मार्च, सोमवार

धाकटीच्या गाडीतळावर बसून लिहितेय. 

रुजू व्हायच्या कागदांवर सह्या केल्या. कार्यालयातल्या बाईंनी माझी शेवटची सही होऊ दिली, शिक्का मारला, मग खणातून दुसरा कागद काढला. "आता दाखवायला हरकत नाही. हे तुमचेच ना? पत्ता एकच आहे."

नवऱ्याचा अर्ज. हँगरमधल्या नोकरीसाठी. तारीख चार मार्च.

"परवान्याची मुदत संपली आहे. नवा होईपर्यंत मदतनीस म्हणून काम करायची तयारी आहे. सकाळी आठ ते चार अशी पाळी मिळावी. माझ्या पत्नीनं आपल्याकडची नोकरी घेतली, तरच हा अर्ज विचारात घ्यावा. तिनं दुसरीकडे जायचं ठरवलं तर फाडून टाकावा. आणि तिला याविषयी कधीही कळू देऊ नये. कळलं, तर ती माझ्यासाठी इथे येईल."

बाई म्हणाल्या, "उद्या आठला बोलावलंय त्यांना. तुम्ही सांगता, की मी फोन करू?"

म्हटलं, मी सांगते.

पण आधी घरी जाऊन पलंगाखालची ती पेटी बाहेर काढणार आहे. आठ वर्षांची धूळ आहे तिच्यावर. पुसून दाराशी ठेवीन आणि मगच त्याला हाक मारीन.