मुलं किती?

बोरीवली पूर्व,
बुधवार, १२ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. मालन हिला बोरीवलीहून आशीर्वाद. घेशील तर.

अक्षर तिसऱ्या मजल्यावरच्या मृणालिनीताईंचं आहे. पोस्टातून रिटायर झाल्यात, त्यामुळे कोणी पत्र लिहायला सांगितलं की माहेरी आल्यासारख्या खुलतात. हे लिहू नका म्हटलं तर तेही लिहितायत. मी बोलेन ते सगळं उतरवायचं, असं आमचं ठरलंय. जयवंतला वाटतंय मी भजनाला गेलेय. या गुडघ्यांनी मी भजनाला जाईन, एवढा विश्वास आहे लेकाचा.

बाकी इकडे ठीक. दुसऱ्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. आता समोरच्या भिंतीवरची पालसुद्धा स्वच्छ दिसते, तिचं काय करायचं ते डॉक्टरने सांगितलं नाही. जयवंतच्या श्रुतिकाला नोकरी लागली. दिवसभर घरात बसून कानाला ते लावून बोलते, मला वाटतं माझ्याशीच बोलते, मी ओ देते. बिल्डिंग पाडणार हे नक्की झालं. मे महिन्यात सगळ्यांनी खोल्या सोडायच्या. तुझ्या मुलुंडच्या घरमालकानेही खोली सोडायला मे महिनाच दिलाय ना गो? म्हणजे मायलेकी एकदमच रस्त्यावर. माझी पेटी उचलायला कोणीतरी आहे, एवढाच काय तो फरक.

हे बोलायला नको होतं. ताई, खोडा. नाही खोडत त्या.

परवा तू फोन केलास तेव्हा मी नुसतं हं हं केलं. तू म्हणालीस, "आई, वकिलापुढे एवढंच सांग. मला लिहिता-वाचता येत नाही, जयवंतने काही न सांगता अंगठा घेतला. तुझ्या एका शब्दावर माझं अर्धं घर परत येईल." फोनवर तू रडतेस, आणि तू रडलीस की मी कशालाही हो म्हणते. म्हणून हे पत्र.

त्या बक्षीसपत्राचं पुन्हा सांगते. दिवाळी झाल्यावर जयवंत म्हणाला, बिल्डिंग नवी होणार, घर माझ्या नावावर करून ठेव, बक्षीसपत्र करू. मी म्हटलं, मेल्या, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी मला कसलं बक्षीस? संगीत खुर्चीचं? घरात सगळे हसले. संक्रांतीला तू हळदीकुंकवाला आलीस, श्रुतिकाच्या तोंडून कागद झाल्याचं निघून गेलं आणि तुझ्या हातातलं वाण तिथेच राहिलं. तेव्हा मी तुला जिन्यात गाठून हीच गोष्ट सांगितली. म्हटलं, बक्षीस म्हणाला, मला वाटलं बिल्डर काहीतरी देतोय, केला अंगठा. तू रडता रडता हसलीस. म्हणालीस, "अगं येडे, बक्षीस तू दिलंस."

मालन, ते खोटं होतं. बक्षीस कोण कोणाला देतंय ते मला रिक्षात बसायच्या आधी माहीत होतं. जयवंतने सगळा कागद वाचून दाखवला होता, दोनदा. "नको असेल तर राहू दे, आई," असंही म्हणाला. फार चांगला आहे असं नाही हं. एवढ्या मोठ्या कागदात बहिणीचं नाव कुठे नाही, हे त्याला दिसलं नसेल असं मी म्हणत नाही. पण फसवलं नाही त्याने. फसवलं असतं तर बरं झालं असतं. तुझं काम झालं असतं, आणि मला गरीब बिचारी होऊन बसता आलं असतं.

ताई चहा ठेवायला उठल्यात. मला वाटतं पुढचं ऐकायला त्यांनाही जड जाणारेय. आल्या. लिहा.

कागद नोंदवायच्या कचेरीत एक साहेब होता, जयवंतपेक्षा लहान. बोलायला गोड. मला खुर्ची दिली. म्हणाला, "आजी, घर मुलाला देताय, कळतंय ना?" मी म्हटलं, "शाळेत गेले नाही बाबा, पण बहिरी नाही." हसला. मग विचारलं, "मुलं किती तुम्हाला?"

मी म्हटलं, "एक."

तू म्हणशील, आई, जुन्या बायका मुलं म्हटलं की मुलगेच मोजतात. मीही इतके दिवस मनाला हेच सांगत होते. तुझी सासूही म्हणायची ना, दोन मुलं आणि तीन पोरी. पण त्या साहेबाने नीट विचारलं गो. जयवंत तेव्हा फोटो काढायच्या रांगेत होता, त्याला काही ऐकू जात नव्हतं. साहेब म्हणाला, "आणि मुलगी?"

मी म्हटलं, "मुलगी नाही."

झालं. हेच सांगायचं होतं.

का, ते विचारू नकोस. पण तू विचारणार. बाबा गेले तेव्हा तू त्यांच्या गिरणीच्या पैशातल्या या घरावरचा हक्क सोडलास, फटकन सही केलीस. "आई, तुझ्या हयातीत तुझं, मागाहून आम्हा दोघांचं," म्हणालीस. मी तुला शब्द दिला होता. त्या खुर्चीत बसून तो शब्द मला आठवत होता. पण त्याहून एक दुसरी गोष्ट आठवत होती. तू रागावलीस तरी येशील. जयवंत रागावला तर येणार नाही, आणि मी राहते त्याच्याकडे. येणारीचं काढलं आणि न येणाऱ्याला दिलं. सगळ्याच म्हाताऱ्या असा हिशेब करतात का ठाऊक नाही. मी केला.

आणि तोही चुकला. महिना होत आला, तू आली नाहीस.

तुझा वकील म्हणाला ना, लेक सांभाळत नसेल तर कागद मोडता येतो? सांभाळतो गो. वेळेवर डोळ्यात थेंब घालतो, गोळ्या काढून देतो. फक्त आता काही विचारत नाही. नव्या घरात माझी खाट कुठे, ते श्रुतिकाने मला मोबाईलवर दाखवलं. सगळं ठरल्यावर.

तेव्हा वकिलापुढे मी तू म्हणतेस ते सांगणार नाही. त्याला म्हणावं, म्हातारी एकदा खोटं बोलली, साहेबासमोर, तेवढं पुरे. हे पत्र त्याला दाखव. तो म्हणेल दाव्यात दम नाही, तर ऐक त्याचं. मे महिन्यासाठी दुसरी खोली बघायला लाग, बोरीवलीची वाट बघू नकोस. माझ्याजवळ तुला द्यायला काही उरलेलं नाही, आणि जे होतं ते कोणी हिसकावून घेतलं असंही सांगायची सोय मी ठेवली नाही.

जावईबापूंना नमस्कार सांग. नको सांगू, त्यांनाही वाचूनच कळेल.

मृणालिनीताई विचारतायत, खाली "तुझी आई" घालू का. म्हटलं, नको. ते मी कचेरीतच पुसून आलेय. नुसतं नाव घाला.

सुनंदा सीताराम घाडीगावकर