गालिच्यावर पाय

मार्गशीर्ष शु. ३, सन १३४९ फसली. जालना

आज पुन्हा काकासाहेबांची लाथ बसली. बैठकीत गालिच्याच्या काठाला माझा अंगठा लागला — तेवढ्यावरून! नऊ वर्षं त्यांच्या हवेलीत हुक्क्याचे निखारे फुंकतोय, पडवीत बसून. आत गाणं, अत्तर, हैदराबादचे पाहुणे. नोकरांपैकी गालिच्यावर जायची मुभा एकट्या पाशामियाँना. चिलम तेच भरतात, तेच आत नेतात. त्यांना नावानं हाक. मला? "ए कोळसा!"

पाशाचाचांनी कमरेला तेल चोळून दिलं. "सबर कर, बद्री. कोळसा तेवढा सुका ठेव. ओला कोळसा बेइमान, भर बैठकीत तडकतो."

सबर! हाडं झिजल्यावर गालिचा काय चाटायचाय?

शु. ९

आज चिलम तडकली. ठिणगी थेट पाहुण्याच्या शेरवानीवर! गाणं थांबलं. काकासाहेब म्हणाले, "चिलम कोणी भरली?"

"मी, सरकार."

कोळसा बद्रीनं दिला, एवढं चाचांना म्हणता आलं असतं. म्हणाले नाहीत. काकासाहेबांनी चिमट्यानं निखारा उचलला, चाचांच्या तळहातावर ठेवला. "मूठ मिट." मिटली. निखारा विझेपर्यंत उघडू दिली नाही. पाहुणे हसत होते. अत्तरातही तो वास लपला नाही.

मी खाली बघत उभा होतो.

शु. १०

बायको, साळू, म्हणाली, "जेवून का न्हाई राह्यले?" ताट भिरकावलं. तिच्या कपाळाला लागलं.

पौर्णिमा

चाचांच्या जागी आता मी हुक्केवाला! नवा फेटा. आणि गालिचा — केवढा मऊ! काकासाहेब "बद्रीनाथ" म्हणाले, पुरं नाव. निखारे आता रामकिसन फुंकतो. त्याचा पाय काठाला लागला. मी घातली लाथ, कमरेतच, मला बसायची तिथंच. खोटं कशाला लिहू — बरं वाटलं.

वद्य ४

चाचा मागच्या दारी आले. बोटं तळहाताला चिकटलेली. मी भाकरी पुढं केली.

"त्या दिवशी जळका हात कुठं घालू कळंना, बद्री. कोळशाच्या पोत्यात खुपसला. गार लागलं. तळापर्यंत ओलं होतं पोतं."

"दव पडलं असंल, चाचा."

"बंद कोठडीत?" ते हसले. "मी कोनाला बोललो न्हाई. तुला बी लेकरं हायेत."

भाकरी न घेता गेले.

वद्य ५

दोन तांबे पाणी. शु. ८ ला, कोठडीची कडी आतून लावून. एवढंच ओतलं होतं मी. वाटलं, म्हाताऱ्याला एक लाथ बसेल आणि घरी बसेल.