हातात उरलेला शर्ट

बुधवार, १२ तारीख
काकूंच्या दाराबाहेरची पायरी

प्रिय दादा,

सप्रेम नमस्कार. पत्र लिहिण्यास कारण की, फोनवर माझं वाक्य संपायच्या आत तुला बोगदा लागतो. दर वेळी. एवढे बोगदे जगात नसतील. म्हणून कागद. तुझ्या माल भरायच्या ऑफिसात देऊन ठेवणार आहे. तिथला क्लार्क तुझ्या हातात देईल, आणि कागदाची रेंज जात नाही.

पत्रात आधी खुशाली कळवायची असं शाळेत शिकवलं होतं. (तेवढंच शिकले. पुढे शाळेने आणि मी एकमेकींचा नाद सोडला.) तर आम्ही सर्व इथे खुशाल नाही. वहिनी वाळलीय. मी जाता जाता भेटून जावं म्हणून आले होते, ती अजून इथेच आहे. सॅकसुद्धा नीट उघडलेली नाही, वरचेच दोन कपडे आलटून पालटून घालते. आणि तुझी लेक, जिला मी गोचीड म्हणते, ती आत्ता माझ्या पाठीमागच्या दारापलीकडे रडतेय. थांब.

आले. काही नाही, नुसतं तोंड दाखवून आले.

तुला माहीत असायला हवं, पण नसणार, म्हणून सांगते. वहिनी चष्म्याच्या काचा घासायच्या कारखान्यात परत लागलीय. सध्या अर्धा दिवस, सोमवारपासून पूर्ण. मालकाने तिला स्पष्ट सांगितलंय, ‘सोमवारनंतर पोरीसाठी फोन आला तर बाई तुम्ही घरीच बसा, मी दुसरी बघतो.’ म्हणून गोचिडीला काकूंकडे रुळवायचं चाललंय. काकू म्हणजे मागच्या गल्लीत पोरं सांभाळतात त्या. तिच्याशिवाय अजून दोन पोरं आहेत त्यांच्याकडे. बाई वाईट नाही. आवाज मोठा, टीव्ही त्याहून मोठा, आणि भिंतीवरचं घड्याळ मुद्दाम पुढे लावलेलं, म्हणजे आयांना उशीर झाला की लाज वाटावी. मला ते घड्याळ फार आवडलं. मी हॉस्टेलवर काम करायचे तिथल्या मालकाने असंच घड्याळ मागे लावलं होतं, आम्ही जास्त वेळ राबावं म्हणून. असो. कुठे भरकटले.

रुळवायचं म्हणजे असं, की पहिल्यांदा आपणही तिथे बसायचं, मग थोडं बाहेर जायचं, मग जास्त. आधी वहिनी बसली. तिची रजा संपली म्हणून मग मी. पण गोचीड सुटायलाच तयार नाही. आणि तिची धरायची तऱ्हा वेगळीच. बाकी पोरं कपडा धरतात. ही कपड्याला हात लावत नाही. कातडी धरते. कान, केस, गळ्याची कातडी. माझ्या मानेवर नखांची अशी नक्षी झालीय की भाजीवाला विचारत होता, मांजर पाळलंय का.

तर काल काकू म्हणाल्या, “घरच्या वासाचं काहीतरी आणा गं. आईबापाचा कपडा. जवळ असला की पोराला बरं वाटतं.” चांगला सल्ला, सगळे हाच देतात. वहिनीने कपाटातून तुझा निळ्या चौकड्यांचा शर्ट काढला. तुझा वास जाऊ नये म्हणून तिने तो धुतलाच नव्हता. (हे तुला सांगायचं नाही म्हणाली होती. सांगितलं.)

काकूंनी शर्ट गोचिडीच्या मांडीवर ठेवला. ती बघत राहिली. मग बाही उचलली. मग वाकून बाहीच्या आत बघितलं. आणि मग जी किंचाळली, दादा, तशी मी कधी कुणाला किंचाळताना ऐकलेली नाही. अंग लाकडासारखं झालं, प्यायलेलं सगळं दूध बाहेर. काकूंनी टीव्ही बंद केला, यावरून काय ते समज. कारखान्यात फोन गेला. वहिनी हातावरची पांढरी पूडसुद्धा न धुता धावत आली. दूध शर्टावर, जमिनीवर, माझ्यावर. काकू म्हणाल्या, “माझ्या हयातीत असं पोर बघितलं नाही. सोमवारपर्यंत बघते, नाही जमलं तर घेऊन जा बाई, बाकीची दोघं पण हिच्या नादाने भोकाड पसरतात.”

वहिनीने जमिनीवरचं दूध पुसायला घेतलं. पुसता पुसता मान हलवली.

संध्याकाळी तो शर्ट मी नळाखाली धरला. ओला शर्ट कसा हातात लोंबतो, रिकामा. आणि माझ्या डोक्यात एकदम लख्ख झालं.

तुझी ती गोष्ट. दर टपरीवर सांगतोस ती. “पोरीने झोपेत शर्ट असा घट्ट धरलेला, काय करणार? एकेक बटण काढलं, एक हात काढला, दुसरा काढला, शर्ट तिच्याकडे ठेवला आणि बनियनवर ट्रक काढला!” सगळे हसतात. मीपण हसलेय. कोण प्रेमळ बाप, पोरीची झोप मोडू नये म्हणून उघडा निघून गेला.

पहिल्यांदा केलंस ते ठीक. पुढे तुझी ती पद्धतच झाली. पंधरवड्याने येतोस, तिला छातीवर घेऊन झोपवतोस, आणि उजाडायच्या आत शर्ट सोडून पसार. सकाळी काय होतं हे तुला ठाऊक नाही, कारण सकाळी तू नसतोस. मागच्या वेळी मी होते. ती जागी झाली तेव्हा मुठीत शर्ट होता. तिने तो उचलून खाली बघितलं. उलटा केला, परत खाली बघितलं. मग शर्ट ओढत ओढत रांगत दारापर्यंत गेली आणि तिथेच बसून राहिली. रडली नाही. मला वाटलं, खेळतेय. वहिनीला म्हटलंसुद्धा, “बघ, बापाचा शर्ट घेऊन फिरतेय, किती गोड.”

गोड!

कपडा धरला की आतला माणूस जातो, एवढं शिकवलंयस तू तिला. म्हणून ती आता कातडी धरते. कातडी काढून ठेवता येत नाही ना.

शुक्रवार
पायरी तीच, पेन दुसरं

बुधवारचं पत्र दिलं नाही, कारण रागात अक्षर असं आलंय की तो क्लार्क तुझं नाव वाचायच्या आधी पोलिसात देईल. आज बऱ्यापैकी शांत आहे. नाही, नाहीये.

काल सकाळी काकूंशी भांडण झालं, ते आधी सांगते. त्यांची रीत अशी की पोराला चमच्यात नाहीतर किल्ल्यांच्या जुडग्यात गुंतवायचं आणि मागून डोळ्याने खूण करायची, ‘सटक.’ मी म्हटलं, “काकू, आजपासून कुणी सटकणार नाही. सांगून जायचं.”

“मग रडेल ती.”

“रडू दे.”

“तुला काय गं, तू पायरीवर बसतेस. कान माझे फुटतात.”

“टीव्हीने नाही फुटले ते?”

दुपारपर्यंत बोलल्या नाहीत. मग स्वतःच कप घेऊन बाहेर आल्या, माझ्या शेजारी आपटला आणि म्हणाल्या, “साखर कमी आहे. तुला कमीच दिली पाहिजे.” चहा चांगला होता.

तर आता असं करते. तिच्यासमोर बसते, कान तिच्या मुठीत देते आणि म्हणते, “गोचीड, मी दाराबाहेर चाललेय. परत येणार.” मग तिची बोटं एकेक करून सोडवते. ती बघत असताना. हे फार वाईट काम आहे, दादा. झोपलेल्या पोराच्या मुठीतून शर्ट सोडवणं याच्यापुढे काहीच नाही. ती आकांत करते, मी जाते, थोड्या वेळाने परत येते. परत जाते. परत येते. काकू म्हणतात, तू ये-जा करतेस की मला चिडवतेस?

वहिनीने पण कालपासून तसंच सुरू केलं. आधी तयार नव्हती. म्हणाली, “मला नाही जमायचं, तिचं तोंड बघून माझे पाय उचलत नाहीत.” मग आपणहूनच म्हणाली, “ते जातात तेव्हा मी जागीच असते गं. बटणांचा आवाज ऐकू येतो. डोळे मिटून पडून राहते. उघडले तर त्यांना काहीतरी बोलावं लागेल, म्हणून.”

हे ऐकून मला काय वाटलं ते लिहीत नाही. सभ्य कागद आहे.

काल, गुरुवारी, वहिनीने पहिल्यांदा दारात उभं राहून सांगितलं, “आई कामाला जाते. संध्याकाळी येते.” गोचिडीने काकूंच्या कडेवरून दोन्ही हात पसरले, अख्खी गल्ली गोळा होईल असा टाहो.  तरी वहिनी गेली. वळून बघितलं नाही, कोपऱ्यापर्यंत ताठ चालत गेली. मी बघत होते. कोपऱ्यावर सायकलवाल्याचं दुकान आहे ना, त्याच्यापुढे

ते राहू दे. सायकलवाल्याने एक जुनी सायकल मला स्वस्तात देतो म्हटलंय. घ्यावी म्हणते. डोंगरावर पर्यटकांसाठी तंबू लावतात त्यांच्याकडे मला काम मिळणार होतं, ते मी अजून पोचले नाही म्हणून दुसरीला दिलं असावं. त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. मीपण अशीच निघून येते सगळीकडून, सांगत नाही कुणाला. आपल्या घरातच काहीतरी आहे बहुतेक.

आत शांत झालीय. बघून येते.

बघितलं. काकूंच्या मांडीवर बसून त्यांच्या कानाची पाळी ओढतेय. काकू ओरडतायत, “अगं, तुटेल, तुटेल!” पण सोडवत नाहीयेत.

सोमवार, संध्याकाळ

आज पूर्ण दिवस झाला.

सकाळी वहिनीने सांगितलं, मग मी सांगितलं, आणि आज मी पायरीवर बसले नाही. खरंच गेले. नदीपर्यंत जाऊन आले, चपला घासत, फोन हातात धरून. काकूंचा आला नाही. दुपारी राहवेना म्हणून खिडकीतून डोकावले तर झोपली होती. काकूंकडे ती आजवर झोपली नव्हती, डोळे ताणून बसायची. काकू तिच्या उशाशीच बसल्या होत्या. मला बघून तोंडावर बोट ठेवलं आणि कुजबुजल्या, “उठेल तेव्हा मी इथेच दिसायला पाहिजे ना, म्हणून बसलेय. भांडी तशीच पडलीयत, तू घास.” घासली.

वहिनी सुटल्यावर आली. गोचिडीने तिला बघितलं आणि मगच रडली, दिवसभराचं राखून ठेवलेलं. वहिनी पण. मी नाही, मी भांड्यांचं फडकं पिळत होते.

आता ते गुरुवारचं. शुक्रवारपासून ते लिहायचं टाळतेय. उगाच सायकल आणि तंबू मध्ये घातले.

सायकलवाल्याच्या दुकानापुढे तुझा ट्रक उभा होता.

हिरवी ताडपत्री, डावीकडचा आरसा तारेने बांधलेला. ती तार मी बांधलीय, दादा, मला माझी गाठ ओळखू येते. तू आत बसला होतास. खाली उतरायला तुझा हात दाराला लागलासुद्धा होता. वहिनी ट्रकच्या पलीकडून गेली, तिने बघितलं नाही, ती कुठेच बघत नव्हती. आणि इकडे गोचीड हात पसरून टाहो फोडत होती. तू ते बघितलंस. ऐकलंस. आणि दारावरचा हात काढून चावी फिरवलीस.

मी पळाले. हाका मारल्या. चपला वाटेतच निसटल्या. त्या आरशातून मागचं सगळं स्वच्छ दिसतं, बांधताना मी आत बसून बघून घेतलं होतं. तेव्हा ‘तू मला दिसली नाहीस’ असलं काही सांगू नकोस. ‘इंजिनाचा आवाज होता’ असलं पण नको.

वहिनीला मी हे सांगितलेलं नाही. सांगणारही नाही. ते तू सांगायचं, तिच्या समोर बसून, तिचे डोळे उघडे असताना.

तुला रडणं सहन होत नाही म्हणे. किती हळवा, नाही? आम्हाला काय कान नाहीत? वहिनीला नाहीत? ती ते ऐकते आणि तशीच जाऊन दिवसभर काचा घासते, दुसऱ्यांना नीट दिसावं म्हणून. आणि तू, अंगापिंडाने एवढा, डोंगर-घाटातून ट्रक एकट्याने उतरवणारा, एका वीतभर पोरीच्या आवाजाला भिऊन शर्ट टाकून पळतोस. हळवा नाहीयेस तू. भित्रा आहेस. मी लहानपणापासून सगळ्यांना सांगत आले, माझा दादा कुणाला भीत नाही.

आता ऐक. अंधारात येऊ नकोस. सकाळी ये. तिला कडेवर घेऊन तू स्वतः काकूंकडे सोडायचं. काकू तुला चार शब्द ऐकवतील, ते ऐकायचे. मग तिला सांगायचं, ‘बाबा चाललाय, अमुक वारी येईल.’ तिने कान धरला असेल तर बोटं सोडवायची, आणि मग जायचं. आणि त्या वारी यायचं. दुसरा वार चालणार नाही. हे जमत नसेल तर तसं वहिनीला तोंडावर सांग आणि मोकळी कर तिला, पण असा अर्धा कोपऱ्यापर्यंत येऊ नकोस.

आणि एक सांगते, मग पुरे. आज सकाळी आम्ही दोघी बाहेर पडलो तेव्हा काकूंनी चहाचं आधण ठेवलं होतं. मी गेटच्या आड उभी राहून ऐकत होते. आधणाला उकळी फुटली तेव्हा गोचिडीचं रडणं थांबलं होतं. काकूंनी खिडकीतून मला कपाने खूण केली.

एवढंच असतं ते, दादा. एक कप चहा होईपर्यंत. एवढ्यासाठी तू पळालास.

उजेडात ये.

तुझ्या ट्रकमागे अनवाणी धावलेली,
तुझी धाकटी